कुठल्या खेळावर लावावं? फोंड्यातल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

१४ जुलै २०२५, सोमवार

तिसऱ्या वर्षाचे तिघे संख्याशास्त्राच्या प्रकल्पासाठी माझ्या वाट्याला आले. एरवी येणारे विषय ठरलेले असतात: पाऊस, खाणींची धूळ, कदंबची बस किती उशिरा येते. म्हापशाच्या मुलाने मात्र कागद पुढे सरकवला, त्यावर एकच वाक्य: ‘कुठल्या खेळावर पैसे लावले तर फायदा होण्याची शक्यता सगळ्यांत जास्त?’

दुसरा डिचोलीचा, तिसरी काणकोणची. दोघेही माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

मी हो म्हटलं. गोव्यात वाढलेल्या मुलाला हा विषय नवा नाही. नाक्यावरच्या गाड्यावर मटक्याची चिठ्ठी फाडली जाते, मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत, भात कापलेल्या शेतात धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, लागतात आणि त्यांच्यावर पैसाही लागतो. १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने धिरयोंवर बंदी घातली तरी ते थांबलेले नाहीत. इथला जुगाराचा कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना परवानगी मिळाली, १९९६ मध्ये बोटींना, आणि फेब्रुवारी २०२० पासून गोंयकाराला त्या बोटींवर खेळायला मज्जाव. इतकं सगळं डोळ्यांसमोर असताना भाव कसा बनतो हे मात्र एकाही विद्यार्थ्याने आजवर विचारलं नव्हतं.

अटी घातल्या: खरा एक रुपयाही लागणार नाही. सगळं वहीत. जुने निकाल, जुने भाव, आणि आपलं गणित.

म्हापशाचा म्हणाला, “सर, मागीर आमकां कितें मेळटलें?” मग आम्हाला काय मिळणार?

मार्क.

२१ जुलै

आधी ‘फायदा’ म्हणजे काय ते ठरवलं. तिघांच्या मनात तीन अर्थ होते. एकाला वाटत होतं, ज्या खेळात निकाल ओळखायला सोपा तो फायद्याचा. ही समजूत आजच मोडून काढली, नाहीतर सगळा प्रकल्प तिच्याच मागे गेला असता. मोठा संघ जिंकणार हे जसं आपल्याला कळतं तसं भाव लावणाऱ्यालाही कळतं. तो त्या संघाला १.१५ चा भाव देतो, म्हणजे रुपया लावून जिंकलात तर हातात १.१५. मग शंभरातल्या ८७ वेळा तो संघ जिंकला तर आपण जेमतेम बरोबरीत. निकाल ओळखणं म्हणजे कमाई नव्हे, भावात चूक सापडली तरच कमाई.

फळ्यावर फुटबॉलचा एक नमुना घेतला: यजमान २.१०, बरोबरी ३.४०, पाहुणे ३.६०. प्रत्येकाचा व्यस्त काढून बेरीज करा: ०.४७६, ०.२९४, ०.२७८. एकूण १.०४८. शंभरावरचे हे ४.८ म्हणजे बुकीचा कट, भाव लावणाऱ्याने आधीच कापून घेतलेला वाटा. बेरीज नेमकी १ आली असती तर धंदा कशावर चालला असता?

दोनच निकालांच्या खेळात दोन्ही बाजूंना १.९१ असेल तर बेरीज १.०४७. अशा भावाला तग धरायची तर शंभरातल्या ५२.४ पैजा जिंकायला हव्यात. नाणं फेकणारा पन्नासवर अडतो. मधल्या अडीच टक्क्यांसाठीच सगळी धडपड.

काणकोणचीने चांगला प्रश्न काढला: पाच सामने एकाच चिठ्ठीत जोडले तर? गुणाकार करून बघ म्हटलं. प्रत्येक सामन्यात रुपयाचे साडेपंचाण्णव पैसे उरतात असं धरलं तर पाच सामन्यांनंतर ०.७९४. म्हणजे रुपयातले वीस पैसे सामना सुरू व्हायच्या आधीच गेले. जाहिरातीत सगळ्यांत मोठ्या अक्षरांत हीच जोडचिठ्ठी का असते, ते मुलांनी न सांगता ओळखलं.

२ ऑगस्ट

डिचोलीच्या मुलाने मटक्याचा हिशेब आणला. खेळात मोडत नाही, पण तुलनेला हवा. एकेरी आकड्याला रुपयाला नऊ रुपये. आकडे दहा. कट सरळ दहा टक्के, आणि तो कमी करण्याचा कुठलाही अभ्यास जगात नाही. एकाच शून्याच्या रूलेटमध्ये हाच कट २.७ टक्के. फुटबॉलच्या आपल्या नमुन्यापेक्षाही कमी!

इथे म्हापशाचा खूश झाला, मग बोटीवरच का जाऊ नये म्हणून. फरक असा की रूलेटचे २.७ टक्के कोणीच खोडू शकत नाही. फुटबॉलचे ४.८ निदान तत्त्वतः खोडता येतात, कारण भाव माणसाने लावलेला आहे आणि माणूस चुकतो. आपला प्रकल्प त्या ‘तत्त्वतः’चा आहे.

१४ ऑगस्ट

काल फातोर्ड्याला एफसी गोवाने ओमानच्या अल सीबला २-१ हरवून आशियाई चॅम्पियन्स लीग टूच्या गटात जागा मिळवली. आज वर्गात प्रकल्पाचं एक अक्षर झालं नाही.

२३ ऑगस्ट

संसदेने २० आणि २१ तारखेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, काल राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्यावर गुन्हा नाही.

विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं, विषय बदलता का म्हणून. बदलायची गरज नाही, असं मी सांगितलं. आपण तर भावांचं संख्याशास्त्र करतोय. शीर्षकाला तेवढी जड भाषा चढवली: ‘क्रीडा-भावांची कार्यक्षमता: तुलनात्मक अभ्यास’. मुलं आपापसात अजून ‘कुठल्या खेळावर लावावं’ असंच म्हणतात, मीही.

२५ ऑगस्ट

चवथीच्या सुट्ट्या. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला सगळे गावी. काम बंद.

८ सप्टेंबर

आजचा दिवस मला स्वतःला फार आवडला. प्रश्न असा: एखाद्याकडे खरोखरच दोन टक्क्यांची सरशी आहे असं धरा. दर शंभराला सरासरी दोन रुपये सुटतात. समान भावाच्या, म्हणजे रुपयाला रुपया मिळणाऱ्या, हजार पैजा त्याने लावल्या. तो नफ्यात असेलच का?

अपेक्षित नफा वीस पैजांएवढा. प्रमाण विचलन, म्हणजे नशिबाने होणारा नेहमीचा चढउतार, हजाराचं वर्गमूळ, सुमारे ३१.६. भागाकार ०.६३. तक्त्यात बघितलं तर तोट्यात असण्याची शक्यता २६ टक्के निघते. चारातला एक माणूस खरंच हुशार असूनही हजार पैजांनंतर खड्ड्यात! उलट, काहीच न कळणारे कितीतरी जण तेवढ्याच पैजांत निव्वळ नशिबाने वर आलेले असतात आणि तेच नंतर इतरांना ‘टिप’ देत फिरतात.

मग उलटं गणित. पंच्याण्णव टक्के खात्रीने नफ्यात राहायचं तर किती पैजा लागतील? साधारण ६,८००.

इथे खेळांमधला खरा फरक पहिल्यांदा दिसला. आयपीएलचे हंगामाला ७४ सामने. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे ३८०. एनबीएचे साखळीत १,२३०. अमेरिकी बेसबॉलचे तब्बल २,४३०, कारण तीस संघ प्रत्येकी १६२ सामने खेळतात. एका ग्रँड स्लॅमच्या पुरुष एकेरीतच १२७ सामने, आणि टेनिस जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत जगात कुठे ना कुठे चालूच. आयपीएलच्या प्रत्येक सामन्यावर एकेक पैज लावली तर ६,८०० व्हायला नव्वदहून जास्त हंगाम लागतील. सगळ्यांत जास्त सट्टा आपल्याकडे ज्या खेळावर लागतो, त्यात आपण हुशार आहोत की नशीबवान हे माणसाच्या हयातीत कळणारच नाही.

आमच्याकडेही एवढे सामने नाहीत. म्हणून मोजपट्टी बदलली. नफा-तोटा बघायचाच नाही. आपण सकाळी वहीत लिहिलेला भाव आणि सामना सुरू होताना मिटलेला भाव, एवढंच बघायचं. आपण २.१० ला घेतलं आणि मिटताना १.९५ झाला असेल तर बाजार आपल्या बाजूला सरकला. शेवटच्या क्षणाचा भाव सगळ्यांत शहाणा असतो, कारण तोवर दुखापती, संघनिवड, पाऊस आणि मोठ्या लोकांचा पैसा हे सगळं त्यात मुरलेलं असतं. त्या भावाला सातत्याने मागे टाकणारा माणूस आज हरला तरी ठीक चाललाय.

२३ सप्टेंबर

कालपासून जीएसटीचे नवे दर. कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती, पैजा यांच्यावर आता ४० टक्के, तेही लावलेल्या पूर्ण रकमेवर. ऑक्टोबर २०२३ पासून २८ होते.

काणकोणचीने दहा मिनिटांत हिशेब मांडला. शंभराच्या पैजेसाठी खिशातून १४० जाणार. समान भाव मिळाला तर जिंकल्यावर हातात २००. बरोबरीत राहायला शंभरातल्या सत्तर पैजा जिंकायला हव्यात. जगातला कुठलाही माणूस समान भावाच्या सत्तर टक्के पैजा जिंकत नाही.

तिने मग प्राप्तिकरही जोडला. जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के, उपकर वेगळा, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. शंभराच्या हजार पैजांत ५२० जिंकल्या, ४८० हरल्या. जिंकले ५२,०००, हरले ४८,०००, खरा नफा ४,०००. कर ५२,००० वर: १५,६००. चार हजार कमावून साडेअकरा हजार पदरचे गेले. आणि ही माणसाची कामगिरी जगातल्या भल्याभल्यांच्या तोडीची.

म्हापशाचा म्हणाला, मग इथेच थांबूया, उत्तर मिळालं. नाही म्हटलं. कर हा देशाचा, खेळांची तुलना त्याच्या आधीची. कर बाजूला ठेवून पुढे जायचं, शेवटी परत आणायचा.

६ ऑक्टोबर

क्रिकेट.

डिचोलीच्या मुलाचे एक काका पूर्वी यात होते, आता सोडलंय म्हणतात. त्यांनी त्याला बोलीतला भाव समजावला. ‘बेचाळीस-चव्वेचाळीस’ म्हणजे फेव्हरिट संघावर लावायचं तर रुपयाला ४२ पैसे मिळतात, त्याच संघावर ‘खायचं’, म्हणजे तो हरावा अशी बाजू घ्यायची तर ४४ पैसे जोखमीला ठेवून एक रुपया. दशांश भावात बदलून बघितलं: १.४२ आणि ३.२७. व्यस्तांची बेरीज १.०१. कट जेमतेम एक टक्का!

मी दोनदा तपासलं. बरोबर आहे. परदेशातल्या मोठ्या कंपन्यांपेक्षाही हा स्वस्त. मग हे लोक जगतात कशावर?

उत्तर सेशनमध्ये निघालं. सहा षटकांत किती धावा? बुकी म्हणतो ‘४६-४७’. ‘नॉट’ घेतलं तर ४५ किंवा कमी व्हायला हव्यात, ‘यस’ घेतलं तर ४७ किंवा जास्त. नेमक्या ४६ झाल्या तर दोन्ही बाजू हरल्या, पैसा बुकीचा. भाव दोन्हीकडे समान, कट कुठे लिहिलेलाच नाही. तो त्या एका धावेत बसलाय.

किती मोठा? सहा षटकांच्या धावांचं प्रमाण विचलन अकरा धरलं तर नेमकी मधलीच धावसंख्या येण्याची शक्यता ३.६ टक्के. तोच कट. आणि सामना तापला की भाव ‘४६-४८’ होतो. मधे दोन आकडे, कट ७.२ टक्के. एक धाव रुंदावली की दुप्पट, आणि फोनवर ओरडणाऱ्या माणसाच्या ते लक्षातही येत नाही. सामन्याचा स्वस्त भाव फक्त गिऱ्हाईक दुकानात आणायला.

क्रिकेटची दुसरी दुखणी सगळ्यांना पाठ आहेत. २००० साली दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए, बुकींकडून पैसे घेतल्याबद्दल. २०१३ चं आयपीएल स्पॉट-फिक्सिंग, त्यातून चेन्नई आणि राजस्थान दोन हंगाम बाहेर. षटक, चेंडू, नो-बॉल अशा बारीक गोष्टींवर पैसा लागला की एकाच माणसाला हाताशी धरून भागतं. पूर्ण सामना फिरवायला निम्मा संघ लागतो.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सुट्टी आहे, तरी लिहून ठेवतो. काल रात्री फातोर्ड्याला एफसी गोवासमोर सौदीचा अल नासर. रोनाल्डो आला नाही, तरी मडगावात दिवसभर त्याच्या नावाच्या पिवळ्या जर्स्या. निकाल १-२. आपल्याकडून ब्रिसनचा गोल.

मुलांच्या वहीतल्या आकड्यांसाठी सामना नामी होता. तिघांनीही आदल्या दिवशी आपापली शक्यता लिहिली होती. म्हापशाच्याने एफसी गोवाला प्रेमापोटी वीस टक्के दिले होते, बाकीच्या दोघांनी पाचच्या खाली.

फुटबॉलच्या जुन्या भावांत आम्हाला तेच दिसत होतं आणि यावर चाळीसच्या दशकापासून लिहिलं गेलंय: लांबच्या घोड्याला, म्हणजे जिंकण्याची शक्यता कमी असलेल्याला, लोक त्याच्या लायकीपेक्षा जास्त पैसा लावतात. म्हणून १५ किंवा २० च्या भावावर आंधळेपणाने लावणारा, १.३० वर आंधळेपणाने लावणाऱ्यापेक्षा कितीतरी वेगाने बुडतो. बुडतात दोघेही. आपला संघ, आपलं मैदान, आपली माणसं आली की हा रोग आणखी बळावतो. गोव्याच्या फुटबॉलवर गोंयकाराला इतरांपेक्षा जास्त माहिती असते हे खरं, पण ती माहिती त्याच्या प्रेमात कालवलेली असते आणि वेगळी काढता येत नाही.

गोलांची सूट देऊन लावलेल्या भावाचा (हँडिकॅप) प्रकारही याच सामन्यावरून समजावता येईल. दुबळ्या संघाला दोन गोलांची सूट दिली असं धरा. मग १-२ हा गोव्याच्या बाजूने निकाल. अशा दोन-बाजूंच्या पैजांत मोठ्या लीगांसाठी कट दोन टक्क्यांच्या आसपास उतरतो. क्रिकेटमधला गिऱ्हाईक ओढायचा तो एक टक्क्याचा भाव सोडला आणि कट हीच कसोटी धरली तर आपलं उत्तर हेच: युरोपातल्या मोठ्या लीगा, सूट दिलेला भाव.

३ नोव्हेंबर

महिलांनी विश्वचषक जिंकला! उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने दिलेलं ३३९ चं लक्ष्य गाठलं, काल नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. ‘सर, मला माहीत होतं’ असं सांगणारे आज वर्गात बरेच होते. त्यांच्या वहीत तसं काही लिहिलेलं नाही.

फुटबॉलचं मॉडेल चालू आहे. गोल पॉयसाँ वितरणाने मांडायचे, म्हणजे सरासरीवरून शून्य, एक, दोन गोलांची शक्यता काढायची. यजमानांची सरासरी १.५, पाहुण्यांची १.१ घेतली तर बरोबरीची शक्यता २६ टक्क्यांच्या जवळ येते, गोलशून्य सामन्याची ७.४. डिक्सन आणि कोल्स यांनी १९९७ मध्ये दाखवलं की ०-०, १-०, ०-१, १-१ या चार निकालांत साधं पॉयसाँ थोडं घसरतं, तिथे दुरुस्ती करावी लागते. डिचोलीच्याने ती दुरुस्ती बसवली. मॉडेल सुंदर झालं आणि मिटत्या भावाच्या जरा मागेच राहिलं. १९९७ मध्ये या सूत्राने चुका सापडत होत्या. आता ते सूत्र भाव लावणाऱ्याच्याच संगणकात आहे.

१० नोव्हेंबर

हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक चालू आहे, २०६ खेळाडू. पहिला मानांकित गुकेश तिसऱ्याच फेरीत गेला.

बुद्धिबळात प्रत्येकाची ताकद आकड्यात जाहीर. दोनशे गुणांचा फरक म्हणजे वरच्याला सरासरी ७६ टक्के गुण अपेक्षित. मात्र हे ‘जिंकण्याची शक्यता’ नव्हे, बरोबरीचे अर्धे गुण यात धरलेले असतात, आणि बाद फेरीत दोन डाव झाले की जलद डावांवर निकाल जातो. तिथे वेगळंच मानांकन लागतं. नवखा इथेच फसतो. पण हे सगळं जाहीर असल्याने जाणत्याला वेगळं काय कळणार? आणि या खेळावर मोठी रक्कम कोणी घेतही नाही. पुढे.

टेनिस जास्त गमतीचं. एका गुणाला जिंकण्याची शक्यता ५५ टक्के असेल तर गेम जिंकण्याची ६२. सेटमध्ये आणखी फुगते, सामन्यात आणखी. छोटा फरक पायरीपायरीने मोठा होतो. म्हणून टेनिसमध्ये धक्के कमी, भाव आखूड. गुणागणिक भाव हलतो, आणि मैदानात बसून गुण होताक्षणी बाहेर कळवणारे लोकही यातूनच निघाले. २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्यापायी अटक झाली होती. खालच्या पायरीच्या स्पर्धांत बक्षिसाची रक्कम एवढी तुटपुंजी की हरण्याचे पैसे जिंकण्यापेक्षा जास्त मिळू शकतात. टेनिसच्या सचोटी संस्थेच्या बंदीच्या यादीत बहुतेक नावं आपण कधी ऐकलेली नसतात, ती याच पायरीवरची.

कबड्डी घ्यायची असं म्हापशाच्याचं म्हणणं होतं. जुने भाव हाती नाहीत. सोडली.

१८ नोव्हेंबर

घोडे. गोव्यात रेसकोर्स नाही, जवळचे म्हणजे महालक्ष्मी आणि पुणे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवलं.

कट बघितला तर घोडे यादीत तळाला. हाँगकाँगमध्ये विजेत्यावरच्या साध्या पैजेलाही रुपयातले साडेसतरा पैसे आधीच कापले जातात. आमच्या तक्त्यात हा खेळ लाल रंगाने रंगवून झाला होता.

आणि तरीही कागदोपत्री नोंद असलेली सगळ्यांत मोठी कमाई इथलीच. बिल बेंटर नावाचा अमेरिकन ऐंशीच्या दशकाच्या मध्याला हाँगकाँगला गेला, बरोबर ॲलन वूड्स. घोड्याचं वजन, मागच्या शर्यती, जॉकी अशा कित्येक गोष्टी घालून त्याने प्रत्येक घोड्याची जिंकण्याची शक्यता काढणारं लॉजिट मॉडेल बनवलं. पहिले हंगाम तोट्याचे. मग त्याने लोकांनी लावलेला भावच एक घटक म्हणून मॉडेलात घातला, आणि तिथून चित्र पालटलं. १९९४ मध्ये त्याने हे सगळं लिहून छापलं. आम्ही आज तेच वाचलं.

हे कसं जमलं? टोटमध्ये आपण बुकीविरुद्ध खेळतच नाही. सगळ्यांचा पैसा एका पेटीत, क्लब आपला हिस्सा काढून घेतो, उरलेला जिंकणाऱ्यांत वाटतो. कोण जिंकतंय याने क्लबला फरक पडत नाही, उलट उलाढाल वाढली तर हवीच. हाँगकाँगची उलाढाल अवाढव्य, घोडे मोजके, तेच तेच परत धावणारे, नोंदी चोख. लहान क्लबात हीच पैज लावली तर आपल्याच पैशाने आपला भाव पडतो.

काणकोणचीने तक्त्यात नवा रकाना उघडला: ‘जिंकणाऱ्याला राहू देतात का?’ सगळ्या प्रकल्पातला सगळ्यांत उपयोगी रकाना हाच.

२ डिसेंबर

तो रकाना भरतोय. २०१७ मध्ये काउनित्झ आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी फुटबॉलवर एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. मॉडेल नाहीच. अनेक बुकींच्या भावांची सरासरी काढायची, आणि एखाद्याचा भाव सरासरीपेक्षा बराच वर गेला की तिथे लावायचं. जुन्या आकड्यांवर चाललं, वहीत चाललं, खऱ्या पैशांवरही चाललं. काही महिन्यांत कंपन्यांनी त्यांच्या खात्यांवर मर्यादा आणल्या. गणित बरोबर होतं, फक्त गिऱ्हाईक म्हणून ते नको होते.

म्हणजे चित्र असं होतं. मोठी लीग, मोठा सामना: कट कमी, रक्कम हवी तेवढी घेतात, पण भावात चूक जवळपास नाही. ब्रेंटफर्डचे मॅथ्यू बेनम आणि ब्रायटनचे टोनी ब्लूम यांनी याच बाजारात पैसा केला आणि क्लब विकत घेतले, पण त्यांच्यामागे विश्लेषकांच्या फौजा आहेत. लहान लीग, खालची स्पर्धा, एखाद्या खेळाडूची बारीकशी कामगिरी: इथे चुका सापडतात, पण कट जास्त, रक्कम चिल्लर, दोनदा जिंकलात की दार बंद, आणि समोरचा खेळाडू स्वतःच विकला गेला असेल तर आपलं मॉडेल शून्य. गेल्या महिन्यात अमेरिकी बेसबॉलमध्ये एकेका चेंडूवरच्या पैजांचं प्रकरण निघालं. त्यानंतर अशा पैजेला २०० डॉलरची मर्यादा घातली गेली. आपल्या सेशनचंच तिकडचं भावंड.

केलीचं सूत्रही आज उरकलं. बेल लॅबमधल्या केलीने १९५६ मध्ये मांडलं: सरशी किती, त्यावरून गाठीच्या पैशाचा किती भाग लावायचा. भाव २.१०, आपला अंदाज ५० टक्के, तर साडेचार टक्के लावा. खरी शक्यता ४७ असेल तर उत्तर उणे येतं, म्हणजे एक पैसाही लावू नका. अंदाजातल्या तीन टक्क्यांच्या चुकीत सूत्र उलटतं. आमच्या मॉडेलची चूक तीन टक्क्यांहून कमी आहे असं तिघांपैकी कोणीही छातीठोकपणे म्हणेना. मीही नाही.

९ डिसेंबर

परवा फातोर्ड्यातच एफसी गोवाने ईस्ट बंगालला पेनल्टीत हरवून सुपर कप राखला. ही नोंद फक्त यासाठी की काल कोणी आलं नाही.

आज अहवालाचा शेवटचा तक्ता. तासभर वाद. म्हापशाच्याला अजून एका ओळीचं उत्तर हवं. डिचोलीचा म्हणतो, टोट आणि भरपूर उलाढाल असलेले घोडे पहिले, कारण सिद्ध झालेली कमाई तिथे आहे. काणकोणची म्हणते, त्या कमाईसाठी लागणारं मॉडेल, भांडवल आणि हाँगकाँगची पेटी यांपैकी आपल्याकडे काय आहे? तिचा क्रम: सूट दिलेल्या भावाचं मोठं फुटबॉल, मग टेनिसच्या मोठ्या स्पर्धा, मग बेसबॉल, मग घोडे, मग पूर्ण सामन्यावरचं क्रिकेट, सगळ्यांत खाली सेशन आणि जोडचिठ्ठ्या. निकष एकट्या कटाचा नव्हे, सगळ्या रकान्यांचा मिळून. मला तिचा क्रम पटतो. डिचोलीच्याचं म्हणणं तळटीपेत टाकलं, सविस्तर.

मग कर परत आणायची वेळ आली. २३ सप्टेंबरचा हिशेब प्रत्येक ओळीला लावला तर सगळ्या ओळी उणे होतात आणि एकमेकींतले फरकच बुजून जातात. म्हापशाचा म्हणाला, असा तक्ता दिला तर बाहेरचे परीक्षक विचारतील, मग तुलना कशाची केली? काणकोणची म्हणाली, विचारू देत.

दोन्ही तक्ते जातील. करासहितचा आधी, कराविनाचा त्याच्या पाठीमागच्या पानावर. छपाई गुरुवारी, तोंडी परीक्षा नाताळाच्या सुट्टीआधी. पॉयसाँची दुरुस्ती फळ्यावर मांडून दाखवायची जबाबदारी डिचोलीच्याची. सेशनमधली ती मधली एक धाव म्हापशाचा समजावणार, त्याला ते आता तोंडपाठ आहे.